सारवलेले अंगण आणि सिमेंटचे अंगण



वसंतातल्या संध्याकाळी इतिहासावर बोलावयास जो उभा राहतो, त्याच्याकडून साधारणपणे गडकोटांची, लढायांची आणि तहांची अपेक्षा असते. ती गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. ठाणे आणि कल्याण ही दोन्ही गावे इतिहासाच्या चांगल्याच परिचयाची. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० साली बांधावयास घेतला, १७३७ साली तो मराठ्यांच्या हाती आला, आणि आज त्या तटाच्या आत तुरुंग आहे. कल्याणच्या दुर्गाडीची गोष्ट तर येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे आणि पुढेही बोलले जाईल. आम्ही आज ज्या जागेचा इतिहास सांगणार आहोत, ती या किल्ल्यांहून आपल्या अधिक जवळची, अगदी पायांखालची आहे. ती जागा म्हणजे आपल्या घरापुढचे अंगण. आणि अंगणातही आम्ही बोलणार आहोत ते त्याच्या जमिनीविषयी.

हा विषय आम्हांस सुचला तो ग्रंथालयात नव्हे. आमचे घर डोंबिवलीतले, जुने, बैठे आणि कौलारू. पुढे वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद असे अंगण. या अंगणाला वडिलांनी १९७४ साली काँक्रीट केले. ते काँक्रीट इतकी वर्षे आमच्या पायांखाली राहिले आणि हळूहळू फुटत गेले. एका कोपऱ्यात पाणी साचू लागले, मधोमध एक लांब तडा पडला, आणि बाकीच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरल्या. एके दिवशी आमच्या वृद्ध आईचा पाय त्या तड्यात अडखळला. दैवयोगाने दुखापत झाली नाही; पण आता काहीतरी केलेच पाहिजे हे ठरले. गवंड्याला बोलावले. त्याने एकदा पायाने ठोकून पाहिले आणि सांगितले, "काका, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. सगळं फोडून टाका, नवीन करून देतो."

दुरुस्त करावे की फोडून नवे घालावे, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. आम्हीही प्रथम तसाच धरला. परंतु इतिहासाची सवय असलेल्या माणसाला, एखादी वस्तू मोडली म्हणजे ती कशी घडली होती हे विचारल्यावाचून राहवत नाही. ते विचारू लागलो, आणि तीनशे चौरस फुटांच्या त्या तुकड्यात गेल्या दीडशे वर्षांचा बराच इतिहास दडलेला आढळला. त्यातला निवडक भाग आज आपणापुढे ठेवतो.

प्रथम मातीच्या अंगणाकडे वळू. आपल्या भाषेत 'अंगण करणे' असा एक प्रयोग आहे. घर आपण बांधतो, विहीर खणतो, पण अंगण 'करतो', आणि तेही दरवर्षी करतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. एवढ्या पावसाखाली मातीची जमीन टिकणे शक्यच नव्हते, आणि ती टिकावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. पाऊस सरला, गवत काढले, की खड्ड्यांत मुरूम व माती घालायची, पाणी शिंपडायचे, लाकडी चोपण्याने जमीन चोपून एकजीव करायची आणि वर शेणाने सारवायचे. ज्या घरी शेती असे तेथे हेच अंगण भाताचे खळे होई. चेंदणीसारख्या कोळीवाड्यात त्यावर मासळी वाळत पडे. आगऱ्यांच्या गावांत हळदीचा मांडव याच जमिनीवर उभा राही. म्हणजे अंगण ही शोभेची जागा नव्हती. ती घराची कामाची खोली होती, फक्त तिला छप्पर नव्हते.

त्या जमिनीत एक साधे शहाणपण होते. पागोळ्या जेथे पडतात तेथे दगडांची एक ओळ बसवलेली असे, कारण पागोळ्यांची धार रोज एकाच जागी पडली तर माती खणून काढते. अंगणाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार असे. पावसाचे काही पाणी वाहून जाई, काही जागच्या जागी मुरे, आणि आवारातल्या विहिरीला ते उन्हाळ्यात उपयोगी पडे. शेणाचा थर पातळ असल्यामुळे भेग पडली तर दुसऱ्या सारवणात ती बुजून जाई. सारांश, ही जमीन वारंवार मोडणार हे गृहीत धरूनच ती केलेली असे, आणि ती नीट करण्याचे साहित्य व कसब घरातच होते.

येथे आम्हांस थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. 'घरात' याचा अर्थ घरातल्या बायकांकडे. शेण गोळा करणे, ते कालवणे, वाकून सारे अंगण सारवणे हे काम आजी, आई, सुना आणि मुली करीत. सारवलेल्या अंगणाविषयी हळुवारपणे लिहिणारे बहुधा पुरुष आहेत, आणि त्यांपैकी फारच थोड्यांनी ते कधी सारवले असेल. आमच्या अंगणाला काँक्रीट झाले त्या दिवशी आईने काय म्हटले ते आम्हांस आजही आठवते. ती एवढेच म्हणाली, "सुटले बाई!" मातीच्या अंगणाचे गुण सांगताना ते दोन शब्द आम्ही विसरू इच्छीत नाही.

मातीनंतरची पायरी चुन्याची. ज्यांना परवडे त्यांच्या वाड्यांत ओटी, चौक किंवा न्हाणी यांना चुन्याचा कोबा करीत. आज आपण सिमेंटच्या जमिनीलाही कोबाच म्हणतो. परंतु मूळ कोबा चुन्याचा. बैलाच्या घाणीत चुना मळावयाचा, त्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळावयाची, विटांचे तुकडे घालावयाचे, आणि ओल्या थरावर ओळीने बसून तो लाकडी थापीने दिवसचे दिवस ठोकावयाचा. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी त्यात घालण्याची चाल देशात पुष्कळ ठिकाणी होती. सुरखीचा उपयोग केवळ भर म्हणून नव्हता. भाजलेल्या मातीची भुकटी चुन्याशी संयोग पावते आणि तो चुना ओलाव्यातही घट्ट होतो. हेच काम रोमन लोकांनी ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतले, आणि त्या मिश्रणाने रोमचे पँथिऑन नावाचे देवालय बांधले. त्याचा घुमट सुमारे एकोणीसशे वर्षे उभा आहे. चुन्याचा कोबा सिमेंटाइतका कठीण नव्हे. पण तो थोडासा लवतो, आणि त्यातल्या अगदी बारीक भेगा चुना पाझरून आपोआप भरून येतात.

यानंतर आपल्या गावांत आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, हे येथे सांगण्याची गरज नाही. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोचला, १८६३ साली बोरघाट चढला, आणि १८७१ साली सोलापूर व शहाबादवरून पुढे रायचूरला जाऊन भिडला. आगगाडीने माणसे इकडून तिकडे नेली हे सर्व जाणतात. तिने दगडही आणला, हे कोणी ध्यानात घेत नाही. शहाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आज ते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तेथला चुनखडीचा निळसर करडा दगड थरांथरांचा असल्यामुळे सरळ फरशांच्या रूपात निघतो. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण असा निघत नाही. तो घडवावा लागतो. म्हणून लोहमार्गाच्या कडेने शहाबादी फरशी पसरली, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली येथल्या ओट्यांवर, चाळींच्या गॅलऱ्यांत आणि न्हाणीघरांत तिने घर केले.

फरशीचा गुण असा की ती सुटी असते. एक खचली तर तेवढीच उचलायची, खाली रेती किंवा चुना भरायचा, पुन्हा बसवायची आणि सांध्यांत दर्जा भरायचा. वीस फरशांपैकी एक फुटली म्हणून कोणी एकोणीस काढून टाकीत नसे. माती, कोबा आणि फरशी, तिन्हींची तऱ्हा वेगळी. परंतु तिन्हींत दुरुस्ती ही कामाच्या मूळ रचनेतच होती, एवढे आपण ध्यानात ठेवू.

आता सिमेंट. २१ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्लंडातल्या लीड्स शहरी जोसेफ अ‍ॅस्प्डिन नावाच्या गवंड्याने एका कृत्रिम चुन्याचे पेटंट घेतले. तो घट्ट झाल्यावर पोर्टलंड येथल्या नामांकित दगडासारखा दिसतो, असे म्हणून त्याने त्याला पोर्टलंड सिमेंट हे नाव दिले. पुढे ही वस्तू विलायतेहून पिंपांत भरून आपल्याकडे येऊ लागली. १९०४ साली मद्रासेत सिमेंट करण्याचा एक प्रयत्न झाला, तो टिकला नाही. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले, आणि तेव्हापासून हा धंदा या देशात रुजला. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने इतके झाले की ते एकमेकांच्या जिवावर उठले. अखेर १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी उभी राहिली. त्याच्या आधीच, १९२७ साली, काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली होती. सिमेंट कोठे व कसे वापरावे हे लोकांना शिकवणे हे तिचे काम. रस्ते, टाक्या, घरे, गच्च्या, सर्वत्र काँक्रीट. आणि त्याबरोबर एक आश्वासन मनामनांत रुजले की ही वस्तू एकदा घातली की पुन्हा पाहावयास नको.

आमच्या मते अंगणाच्या इतिहासातला खरा पालट या आश्वासनाने झाला. साहित्य बदलले हे खरे, पण त्याहून मोठा बदल असा की जमीन ही दरवर्षी 'करण्याची' वस्तू राहिली नाही, ती एकदा करून विसरण्याची वस्तू झाली. काँक्रीट वाईट नव्हे. त्याने आमच्या आईची पाठ सोडवली. परंतु त्याने आपणांस दुरुस्तीची सवय विसरावयास लावली, आणि आज आपल्या फुटक्या अंगणांत आपण त्या विस्मरणाची किंमत मोजीत आहोत.

आता आमच्या अंगणाकडे परत येऊ. आमच्या वडिलांना जमाखर्चाची वही ठेवण्याची सवय होती. १९७४ ची वही आम्ही काढली. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेले हे नियंत्रण मधल्या एका छोट्या काळाखेरीज कित्येक दशके चालले. सामान्य माणसाला अर्ज, परवाना आणि हेलपाटे यांवाचून पोते मिळत नसे. काळ्या बाजारात मात्र मिळे. सिमेंटच्या वाटपाचा प्रश्न एवढा पेटला की जानेवारी १९८२ मध्ये, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात अंशतः नियंत्रण उठले, आणि १ मार्च १९८९ पासून ते पूर्णपणे गेले.

वडिलांच्या वहीत परवान्यावर मिळालेल्या आठ पोत्यांची नोंद आहे. आमचे काँक्रीट तीन इंच जाडीचे. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती आणि चार भाग खडी या नेहमीच्या प्रमाणाने तीनशे चौरस फुटांना तेरा पोती लागावयास हवी होती. म्हणजे पाच पोती कमी पडली, आणि ती रेतीने भरून काढली. रेती जवळच्या बंदरावरची, खाडीची. ती गोड्या पाण्याने धुतली नसावी, कारण अजूनही पावसाळ्यानंतर आमच्या अंगणावर पांढरा लोणा फुलतो. वडिलांनी कंजूषपणा केला नव्हता. देशाची टंचाई आमच्या अंगणात उतरली होती.

मग आम्ही एकेक भेग दस्तऐवजासारखी वाचू लागलो. हे वाचन अवघड नाही, आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी किंवा सोसायटीच्या आवारात जुने काँक्रीट आहे त्यांना ते उपयोगी पडेल.

पहिली ती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक भेगांची नक्षी. ती बहुधा वरवरची असते. काँक्रीट कालवताना पाणी सढळ हाताने ओतले, वरून सिमेंटच्या पाण्याचा हात मारला, आणि नंतर पाणी मारण्यात हयगय केली, की ही नक्षी उमटते. शिकागोच्या डफ एब्रम्स या अभियंत्याने १९१८ साली दाखवून दिले की काँक्रीटचे बळ मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. पाणी वाढले की बळ घटले. आणि काँक्रीट वाळून घट्ट होते हा समजही चुकीचा आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून निदान सात दिवस ते ओले ठेवावे लागते. कालवताना पाणी कमी आणि घातल्यावर पाणी भरपूर, हा नियम; आपल्याकडे तो पुष्कळदा नेमका उलटा पाळला जातो.

दुसरा तो मधोमध गेलेला लांब तडा. काँक्रीट घट्ट होताना आकसते. वीस फुटांचा अखंड तुकडा घातला तर तो कोठेतरी फाटणारच. चार इंच जाडीच्या काँक्रीटला आठ-दहा फुटांवर, जाडीच्या निदान पाव भागाइतका खोल काप द्यावा लागतो. म्हणजे जे फाटावयाचे ते त्या कापात, सरळ रेषेत फाटते आणि दिसत नाही. आमच्या अंगणाला असा काप नव्हता. तेव्हा जो सांधा गवंड्याने दिला नाही, तो काँक्रीटने स्वतः पाडून घेतला. तड्याच्या दोन्ही बाजू समपातळीत असतील तर असा तडा मरणाचा नव्हे. एक बाजू खाली आणि एक वर असेल तर मात्र खालच्या जमिनीने दगा दिला असे समजावे. आमचा तडा समपातळीत होता. आईचा पाय अडखळला तो कडा झिजून रुंद झाल्यामुळे.

तिसरा तो पाणी साचणारा कोपरा. हातोडीने हळू ठोकत गेलो तेव्हा अंगणाच्या बाकी भागात भरीव आवाज आला आणि त्या कोपऱ्यात पोकळ. तेथे काँक्रीटच्या खाली जमीनच उरली नव्हती. कारण शोधावयास फार लांब जावे लागले नाही. काँक्रीट करताना पागोळ्यांखालची दगडांची जुनी ओळ उपटून टाकली होती. छपराचे सारे पाणी पन्हळीतून त्या एका कोपऱ्यात पडे, काँक्रीटच्या कडेने आत शिरे आणि भरावाची माती धुऊन नेई. आजोबांना जे ठाऊक होते ते आम्ही काँक्रीटच्या भरवशावर विसरलो होतो.

हे वाचन झाल्यावर गवंड्याच्या सल्ल्याचा पुन्हा विचार केला. सगळे फोडले असते तर पाच टनांच्या आसपास डेब्रिज निघाले असते. ते कोठे जाते हे आपणांपैकी जे खाडीकाठाने फिरतात त्यांना सांगावयास नको. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाली, २०२२ साली रामसर यादीत तिचे नाव आले; तरी रात्रीच्या अंधारात तिच्या कांदळवनात मोडक्या भिंती आणि फुटक्या जमिनी रित्या होतात. आणि नवे काँक्रीट चार इंचांचे घालावयाचे तर बरोबर एक ब्रास, म्हणजे सतरा-अठरा पोती सिमेंट, चव्वेचाळीस घनफूट रेती आणि अठ्ठ्याऐंशी घनफूट खडी लागली असती. आज परवाना लागत नाही. पैसे असले की झाले. म्हणूनच फोडून टाकण्याचा सल्ला इतक्या सहज दिला जातो आणि घेतला जातो.

आम्ही ठरवले ते असे. जेथे जमीन शाबूत आहे तेथे दुरुस्ती. जेथे जमीन गेली आहे तेथे नवे. कोपऱ्याचा साठ चौरस फुटांचा भाग सरळ रेषेत कापून काढला. खालची भुसभुशीत माती उपसली, मुरूम थराथराने घालून, पाणी मारून चोपला. चोपणे हाच शब्द गवंड्याने वापरला, आणि चोपण्याची जागा यंत्राने घेतली असली तरी काम तेच होते. त्यावर चार इंच काँक्रीट, पाच फुटांस एक इंच असा बाहेरच्या बाजूस उतार, आणि जुन्या व नव्याच्या मध्ये मोकळा सांधा ठेवला. मधला तडा कापून सरळ व रुंद केला, आतली धूळ काढली, आणि त्यात सिमेंट न भरता लवचीक मसाला भरला; कारण जो सांधा हलणार आहे त्यात कठीण वस्तू भरली तर ती पुन्हा फुटते. बारीक भेगांना आम्ही हात लावला नाही. त्यांवर सिमेंटचा पातळ थर देण्याचा मोह गवंड्याला झाला होता. पण असा थर जुन्या पृष्ठभागाला धरत नाही, दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो.

चौथी गोष्ट आम्ही केली ती दुरुस्तीही नव्हे आणि नवे कामही नव्हे. पागोळ्यांखाली दीड फूट रुंदीची पट्टी फोडून मोकळी केली, तीत खडी भरली आणि वर जुन्या दगडांसारखी दगडांची ओळ बसवली. याचे कारण एका साध्या गुणाकारात आहे. तीनशे चौरस फूट अंगणावर एका पावसाळ्यात सुमारे सत्तर हजार लिटर पाणी पडते. मातीच्या अंगणात त्यातला काही भाग मुरे. काँक्रीटवरून जवळजवळ सगळे वाहून गटारात जाते. एका घराचे सत्तर हजार लिटर म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल. पण गावातली सारी अंगणे, सारी सोसायट्यांची आवारे एकाच वेळी आपले पाणी गटारात सोडू लागली म्हणजे काय होते? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि उल्हास नदीच्या काठची आपली गावेही पाण्याखाली गेली. तेवढा पाऊस कोणत्याही अंगणाने जिरवला नसता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु दरवर्षीच्या साध्या पावसातही ज्या गल्ल्या आता गुडघाभर पाण्यात असतात, त्यांचे उत्तर काही अंशी आपल्या पायांखाली आहे. आणि त्याच गल्ल्यांत मे महिन्यात टँकर उभे राहतात, ही गोष्ट या हिशेबाची दुसरी बाजू आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना आता स्वतंत्र अंगण नाही हे आम्ही जाणतो. बैठी घरे गेली, इमारती आल्या, आणि पहिल्या पिढीच्या इमारतीही आता पाडल्या जात आहेत. तरी सोसायटीचे आवार हे अंगणच आहे, आणि त्याविषयीचा ठराव सर्वसाधारण सभेत आपणच करतो. पेव्हर ब्लॉक बसवावे की काँक्रीट करावे असा विषय निघाला, म्हणजे एवढे विचारावे की ब्लॉकच्या खाली काय घालणार? रेती आणि खडी असेल तर ब्लॉक हे शहाबादी फरशीचे वंशज ठरतात. एक खचला तर एकच उचलता येतो आणि थोडे पाणीही खाली जाते. खाली काँक्रीट ओतून वर ब्लॉक चिकटवले, तर पैसे दोन जमिनींचे आणि गुण एकीचाही नाही. आवाराच्या कडेला एखादी पट्टी, झाडाभोवती एखादे आळे मातीचे राहू द्यावे, ही सूचनाही सभेत मांडावी. ती मांडणाऱ्याला हसतील. आम्हांसही हसले होते.

दुरुस्तीला दोन पावसाळे होऊन गेले. कोपऱ्यात पाणी साचत नाही. बारीक भेगा आहेत तशाच आहेत, आणि मधल्या सांध्यातला मसाला एका जागी सुटला आहे. त्याचे आम्हांस दुःख नाही, कारण ते कोठे व का सुटले हे आम्हांस माहीत आहे, आणि ते भरावयास अर्धा तास पुरतो. आई आता अंगणातून तुळशीपर्यंत काठी न घेता जाते. मोकळ्या पट्टीतली ओली माती पाहून ती मागे एकदा म्हणाली, "एवढी सारवायला लावणार नाही ना मला?" आम्ही तिला तसे वचन दिले आहे.

मात्र स्वतःसाठी एक नेम घालून घेतला आहे. पाऊस संपला की दसऱ्याच्या आधी एकदा हातोडी घेऊन अंगणभर ठोकत जायचे, सांधे तपासायचे, पागोळ्यांखालचा गाळ काढायचा, आणि जे सुटले असेल ते त्याच आठवड्यात भरायचे. आपल्या घरी अंगण असेल, ओटा असेल, नुसती गच्ची असेल, तर येत्या पावसानंतर आपणही एवढे करून पाहावे, अशी विनंती करून आम्ही हे व्याख्यान पुरे करतो.